धुऱ्यावरचा ढीग आणि शेततळ्याची भिंत

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. त्याच पट्ट्यातल्या एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कमरेएवढा उंच दगडांचा ढीग पडलेला आहे. शेतमालकाच्या आजोबांपासून तो साचत आला. वखराच्या पासेला गोटा लागला की उचलायचा आणि धुऱ्यावर फेकायचा, एवढंच त्यामागचं धोरण. ढिगात चुनखडीचे गोळे आहेत, गारगोट्या आहेत, आणि त्यांच्यातच मिसळून डायनोसॉरच्या काळातल्या हाडांचे तुकडे आणि दगड झालेली विष्ठा आहे.

एका उन्हाळ्यात या ढिगाचा विषय दोन बाजूंनी निघाला. मोटारसायकलवर येणारा एक माणूस त्यातले ‘गोल गोल गोटे’ पोत्याच्या भावाने मागू लागला. त्याच सुमारास शेतमालकाला शेततळं मंजूर झालं, आणि त्याची आखणी ढिगाला लागूनच, वावराच्या खोलगट कोपऱ्यात पडली. जेसीबीवाल्याशी बोलणं झालेलं होतं. मी भूशास्त्र शिकवतो त्या कॉलेजात शेतमालकाचा पुतण्या होता. त्याने विचारलं, “सर, काका विचारून राह्यले, ढीग ठेवाचा का देऊन टाकाचा?”

प्रश्न ढिगाबद्दल होता. माझं लक्ष मात्र लगेच खड्ड्याकडे गेलं. असं का, ते कळायला या जमिनीचा थोडा मागचा इतिहास पाहावा लागतो.

काळ्या जमिनीखाली

या भागात वर दिसते ती कापूस-तुरीची काळी जमीन. ती बेसॉल्टच्या झिजेतून तयार झाली. बेसॉल्ट म्हणजे दख्खनच्या लाव्हाचे थर, ज्यांनी बहुतेक महाराष्ट्र झाकलेला आहे. पश्चिमेकडे हे थर इतके जाड आहेत की त्यांच्याखाली काय दडलंय ते दिसायची सोयच नाही. विदर्भाच्या या पूर्व कडेला मात्र लाव्हा पातळ होत जातो, जागोजागी झिजून संपतो, आणि त्याच्याखालचा थर उघडा पडतो. सह्याद्रीत कोणी डायनोसॉर शोधत नाही आणि वरोऱ्यात शोधतात, त्याचं कारण एवढंच.

या थराला लमेटा म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडलं. गुजरातपासून मध्य प्रदेशातून विदर्भापर्यंत हा थर तुकड्यातुकड्यांनी सापडतो. त्याची जाडी फार नाही. कुठे काही मीटर, कुठे काही दहा मीटर. चंद्रपूर-नागपूर सीमेवरचा तुकडा नांद-डोंगरगाव खोरं म्हणून ओळखला जातो. वरोरा-माजरीचा कोळसा ज्या गोंडवाना खडकांत आहे, ते लमेटाहून कितीतरी जुने. गोंडवाना खाली, लाव्हा वर आणि लमेटा मध्ये, असा हा क्रम आहे. वय म्हणाल तर सुमारे ६.६ ते ७ कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉरच्या राज्याचे अखेरचे दिवस. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, चहूबाजूंनी समुद्र होता, आणि तो उत्तरेकडे सरकत होता.

डोंगरगावच्या बाजूला तेव्हा तळं होतं. तिथल्या थरांत माशांचे जीवाश्म मिळतात. पिसदुऱ्याच्या बाजूला पूर येऊन ओसरण्याची सपाट जमीन असावी. तिथली माती लालसर आहे, आणि चिकणमाती लाल होते ती सहसा उघड्यावर हवा लागून, तळ्याच्या बुडाशी नाही. या मातीत लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉर गटातल्या डायनोसॉरची हाडं आहेत, कासवं आहेत, आणि २०११ साली ‘माड्त्सोइया पिसदुरेन्सिस’ या नावाने जाहीर झालेला एक सापही आहे. विदर्भातल्या एका खेड्याचं नाव लागलेला हा साप गावातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

दोन गावं, दोन नशिबं

पिसदुऱ्याच्या हाडांची पहिली नोंद स्टीफन हिस्लॉपची. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं आहे. धर्मप्रसाराच्या कामातून वेळ काढून त्याने नागपूरच्या परिसरातले खडक आणि जीवाश्म गोळा केले, आणि १८६३ साली टाकळघाटजवळ नदीच्या पुरात तो बुडाला. त्याच्या कागदांत गावाचं नाव ‘फिजदुरा’ असं आहे, पुढच्यांनी ‘पिजदुरा’ लिहिलं. जुने संदर्भ धुंडाळणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, नाहीतर हाती काही लागत नाही.

१८७९ साली रिचर्ड लिडेकरने पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ ही जात जाहीर केली. दोन वर्षं आधी जबलपूरच्या मणक्यांवरून त्याने ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ नाव दिलं होतं. दोन्ही नावं शंभर-सव्वाशे वर्षं पुस्तकांत टिकली. २००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सगळ्या टायटॅनोसॉरसांची फेरतपासणी केली, तेव्हा दोन्ही पडली. त्या मणक्यांत जे वेगळेपण वाटलं होतं ते पुढे जगभरच्या डझनभर प्राण्यांत सापडलं होतं. आता सुटा मणका पाहून तो नक्की कोणाचा, हे सांगता येत नाही. बरोबर दुसरं हाड नाही, कुठल्या थरातून आला त्याचा नेमका पत्ता नाही, मग निवाडा कशाच्या जोरावर करायचा?

त्याच खोऱ्यातल्या डोंगरगावची गोष्ट वेगळी झाली. १९८०च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी तिथल्या टेकडीवर पद्धतशीर खणलं. मान, पाठ आणि शेपटीचे मणके, बरगड्या, कमरेची हाडं, खांदा आणि पुढचा पाय, असं एकाच प्राण्याचं पुष्कळसं शरीर मिळालं. कवटी मात्र नाही. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि २००३ च्या त्याच फेरतपासणीत त्याला ‘इसिसॉरस’ हे स्वतंत्र नाव मिळालं. हे नाव इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आहे. ज्या लेखात पिसदुऱ्याचं नाव पुसलं गेलं, त्याच लेखात डोंगरगावचं पक्कं झालं. हाडांच्या दर्जात फार फरक होता असं नाही. एका ठिकाणी ती जागेवर असताना पाहिली गेली, दुसऱ्या ठिकाणी वावरातून उचलली गेली. पुतण्याचा प्रश्न ऐकून मला ढिगाआधी खड्डा आठवला, तो यामुळे.

शेणाचा खटला

पिसदुऱ्याची जगातली खरी ओळख हाडांमुळे नाहीच, ती विष्ठेमुळे आहे. चार्ल्स मॅटली या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने १९३९ साली इथल्या विष्ठाश्मांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि आकारावरून त्यांचे अ, ब, बअ, क असे गट पाडले. सगळ्यांत मोठा गट ‘अ’. त्यातले काही नमुने दहा सेंटिमीटरपर्यंत जाड आहेत, आणि आत वनस्पतींचे अवशेष आहेत. ही गोष्ट दुर्मीळ आहे. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत हाडांचं फॉस्फेट असतं, त्यामुळे ती लवकर दगडते. पालाखाऊ प्राण्यांची सहसा कुजून जाते.

पुढच्या तपासण्यांनी एकेक धागा दिला. कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या आणि जड कार्बनच्या प्रमाणावरून, कोणत्या प्रकारची झाडं खाल्ली याचा अंदाज आला. पानांवर वाढणाऱ्या बुरशींचे अवशेष मिळाले, म्हणजे हा प्राणी पाला ओरबाडत होता. मग २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन व अशोक साहनी यांचा लेख ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्यांना या विष्ठेत गवताचे सिलिकेचे कण सापडले होते. गवत जमिनीतून सिलिका शोषून पेशींत साठवतं. धानाच्या पात्याने हात कापतो तो त्यामुळेच. प्रत्येक गटातल्या गवताचे हे कण वेगळ्या आकाराचे असतात, आणि पान कुजलं तरी कण राहतात. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत किमान पाच प्रकारचं गवत निघालं. तोवर डायनोसॉर गेल्यानंतरच गवताचा पसारा वाढला असं मानत असत. त्यांच्या हयातीतच गवताच्या शाखा फुटल्या होत्या, हे इथे दिसलं. २०११ साली याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यात धानाच्या कुळातल्या गवताचे पुरावे जाहीर झाले.

हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे धान इकडं आमच्या वावरात होता? आता तं तो सिंदेवाही-मूलकडं होते.” मी म्हटलं, पेरायचा धान नाही काका, त्याच्या कुळातलं रानगवत. त्यांना ते विशेष पटलं नाही, पण ढिगाकडे पाहायची त्यांची नजर त्या क्षणापासून बदलली, हेही खरं.

या खटल्यातला एक कच्चा दुवा मात्र वर्तमानपत्री बातम्यांत सहसा येत नाही. ही विष्ठा टायटॅनोसॉरचीच, हे कशावरून? मुख्यतः सोबतीवरून. त्याच मातीत त्यांची हाडं मिळतात, तिथला मोठा पालाखाऊ प्राणी तोच, मग शेण त्याचंच असणार. तर्क वाजवी आहे आणि मलाही तो मान्य आहे. पण हा परिस्थितीजन्य पुरावा आहे. आकार फारशी मदत करत नाही; जिराफ एवढा उंच, लेंड्या मात्र बोटभर. आणि ‘सोबत मिळतात’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा ‘एकाच नांगरलेल्या वावरात मिळतात’ एवढाच असतो. दोन गोष्टी एकाच वेळी पडल्या, की वेगवेगळ्या वेळच्या दोन थरांतून झिजून वर आल्या, हे वावर सांगत नाही.

ढिगाची छाननी

ढीग आम्ही उपसला. पुतण्या, त्याचे दोन मित्र, काका आणि मी. हाड ओळखायची जुनी युक्ती मुलांना दाखवली: धुऊन जिभेला लावायचं. जीवाश्म झालेलं हाड सच्छिद्र असतं म्हणून जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. काकू बांधावरून ओरडल्या, “अरे बाप्पा, शेणालेही जीभ लावता का काय!” विष्ठाश्म ओळखायला जीभ लागत नाही. बाहेरून आवळल्यासारख्या खुणा, एका टोकाला निमुळतेपणा, फुटलेल्या कडेला आत दिसणारा वेगळा पोत, यावर काम भागतं. तरी शंका राहतेच; चुनखडीचे काही गोळे हुबेहूब तसे दिसतात.

ढिगाबद्दल माझं मत असं झालं. हाडांचे तुकडे जवळजवळ मुके झालेत. छोटे, कडा मोडलेले, शंभर वर्षं नांगराचा मार खाल्लेले. त्यांच्यावरून जात ठरणं अशक्य. विष्ठाश्मांचं तसं नाही. त्यांच्या पोटातला मजकूर त्यांच्यापाशीच आहे. ढिगातला एखादा चांगला नमुना आजही कापून, सिलिकेचे कण काढून तपासता येईल. अडचण दोन ठिकाणी आहे: तो कोणत्या थरातला हे सांगता येणार नाही, आणि भेगांत शिरलेली वावराची माती आजच्या गवताचे कण घेऊन बसलेली असेल. तेव्हा ढीग फेकायच्या लायकीचा नाही, पण त्याच्या बळावर मोठा दावाही करता येणार नाही.

विक्रीचा मुद्दा राहिला. जीवाश्मांसाठी आपल्याकडे पुरातन मूर्ती-नाण्यांसारखा धड कायदा नाही. खाण मंत्रालयाने २०२२ साली भूवारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात असल्या गोष्टी येतात. पण धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मसुदा दाखवून काय सांगणार? जमीन त्याची, गोटे त्याच्या बापजाद्यांनी वेचलेले, आणि पोत्यामागे मिळणारे पैसे दिसायला खरे. त्याला गुन्हेगार ठरवण्यात मला रस नव्हता. मी एवढंच मागितलं: जेसीबी येईल त्या दिवशी मला बोलवा, आणि खड्डा झाल्यावर प्लास्टिक अंथरण्याआधी दोन दिवस द्या.

भिंत

इथे एक ठरावीक प्रतिक्रिया असते, आणि माझ्या काही ओळखीच्यांनी ती दिलीही: काम थांबवा, जागा वाचवा, पत्र द्या. पत्र आम्ही दिलं. त्याचं उत्तर येईपर्यंत शेततळ्याच्या अनुदानाची मुदत संपली असती. आणि खरं सांगायचं तर काम थांबवावं असं मला वाटतही नव्हतं. सपाट नांगरलेल्या मुलखात लमेटाचा उभा छेद बघायला मिळतो कुठे? नाल्याच्या काठी, विहिरीत, नाहीतर असल्या खड्ड्यात. विहिरीत उतरणं जिकिरीचं. शेततळ्याची बाजू उतरती असते, तिच्यावर बसून काम करता येतं.

जेसीबीच्या बकेटने एका बाजूची भिंत नीट तासून दिली. ऑपरेटरला सांगितल्यावर त्याने ती उत्साहाने केली, नंतर स्वतःच येऊन विचारत होता, “सायेब, हे हाड व्हय का?” वर काळी माती, मग पांढरट चुनखडीच्या गाठींचा पट्टा, मग लालसर चिकणमाती. त्या लाल मातीत एक रेतीमिश्रित पातळ पट्टा होता, आणि जे सापडलं ते बहुतेक त्याच्यात आणि त्याच्या जरा वर.

पट्ट्यातले हाडांचे कण गोलसर होते, कडा घासलेल्या. पाण्याने ते लोटत आणलेले होते. विष्ठाश्म मात्र त्या पट्ट्याच्या माथ्यावर, वरच्या चिकणमातीत रुतलेले होते आणि त्यांच्या कडा शाबूत होत्या. ओलं शेण पुरात घरंगळलं असतं तर त्याचा आकार राहिला नसता. म्हणजे निदान या भिंतीत तरी हाडं आणि विष्ठा शेजारी आहेत, पण शेजारी आली वेगवेगळ्या वाटेने: हाडं वाहत, विष्ठा जागेवर पडून. पूर ओसरला, गाळ बसला, त्यावरून कोणीतरी चालत गेलं. ढिगात हीच हाडं आणि हीच विष्ठा एकमेकांना खेटून पडलेली आहेत, आणि तिथे यातलं काहीही कळत नाही.

यावरून शेण टायटॅनोसॉरचं नाही, असं ठरत नाही. उलट हाडं घरंगळत यायला वर कुठेतरी ते प्राणी असणारच. एवढंच की ‘सोबत’ हा शब्द वापरताना सोबत कसली, हे सांगायला हवं, आणि ते एका भिंतीवरून सांगता येत नाही. अशा पुष्कळ भिंती पाहाव्या लागतील.

आम्ही जे केलं ते कोणत्याही गावात करता येण्यासारखं आहे. भिंतीवर टेप लावून फोटो काढले, उत्तर दिशेची खूण ठेवली, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश लिहून घेतले, वहीत पट्टे आखले. प्रत्येक नमुन्याला भिंतीत असतानाच क्रमांक दिला आणि मगच तो काढला. सगळ्यांत महत्त्वाचं काम मुलांना सर्वांत कंटाळवाणं वाटलं: प्रत्येक विष्ठाश्माबरोबर त्याच्या शेजारची लाल माती वेगळ्या पिशवीत, आणि वरची काळी मातीही आणखी एका पिशवीत. विष्ठेत गवताचे कण निघाले आणि शेजारच्या मातीतही तेवढेच निघाले, तर ते पोटातून आलेत की बाहेरून शिरलेत हे कळणार नाही. शेजारची माती रिकामी निघाली तरच विष्ठेतला कण साक्षीला उभा राहतो. आणि वरच्या काळ्या मातीत आजच्या कुंद्याचे, हरळीचे कण असतील, ते ओळखून वगळायला तीही पिशवी लागते.

नमुने आणि वहीची प्रत तपासणीसाठी विद्यापीठात काम करणाऱ्या एका जाणकाराकडे गेली आहे. भिंत आता दिसत नाही. अनुदानाच्या अटीप्रमाणे अस्तर टाकलं, पावसाळ्यात तळं भरलं, आणि त्या वर्षी काकांनी तुरीला दोन पाणी जास्त दिले. शेजारच्या वावरातही शेततळं होणार आहे; तिथला मालक तयार आहे, मात्र त्याची अट आहे की भिंत तासायचे जेसीबीचे जादा तास आम्ही द्यायचे. अट रास्त आहे, पैसे जमवणं चालू आहे.

मोटारसायकलवाला परत आला होता. त्याने भाव खाली आणला, त्यामुळे काकांनी सगळा ढीग द्यायचं नाकारलं. वारसा वगैरे विचार त्यात कितपत होता, सांगता येत नाही. पुतण्याने चांगले दिसणारे नमुने आधीच निवडून क्रमांक टाकून घरच्या माळ्यावर ठेवले होते. काका त्याला म्हणाले, “नंबरवाले नाही भेटत. बाकीचे नेजो, पन पोतं तुझं आन् मोजनी माझी.” तो दोन पोती घेऊन गेला. त्यात बराचसा चुनखडीचाच माल होता, असं पुतण्या सांगतो.